किझोंबाच्या मागावर

किझोंबा हा शब्द माझ्या कानावर पहिल्यांदा पडला तेव्हा मी स्वयंपाकघरात गॅसचा रेग्युलेटर बंद आहे ना, ते बघत होतो. दुपारी आडवं होण्याआधी मी ते रोज बघतो. त्यात हसण्यासारखं काही नाही. माझं सगळं आयुष्य विम्याच्या कामात सर्व्हेयर म्हणून गेलं. तुर्भ्याची जळून खाक झालेली गोदामं आणि उरणच्या रस्त्यावर आडवे झालेले कंटेनर बघतबघत मी निवृत्त झालो. इतरांना जिना दिसतो, मला जिन्यात पडलेला माणूस दिसतो.

बाल्कनीत आमची ऋता फोनवर बोलत होती. ऋता ऐरोलीला एका कंपनीत नोकरी करते, स्वतःच्या पैशाने स्कूटी घेतली आहे, लग्नाचं वय आहे असं मी म्हणतो आणि नाही असं ती म्हणते. तिचा आवाज जितका खाली जातो तितके माझे कान उभे राहतात.

"रविवारी किझोंबा असेल ना पण?" ती म्हणत होती. "मागच्या वेळी फार थोडा मिळाला गं. सालसाने माझं आता काही होत नाही. मला किझोंबाच लागतो... हो, वाशीलाच, तिसऱ्या मजल्यावर... बाबांना? वेडी आहेस का तू?"

मी रेग्युलेटर उघडला आणि पुन्हा बंद केला.

जयमाला, म्हणजे आमची ही, बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर कोथिंबीर निवडत होती. मी तिला हळूच म्हटलं, "ऋता कसल्यातरी नादाला लागली आहे."

"मग तिलाच विचारा," ही म्हणाली. मान वर न करता.

आता तिलाच विचारणं हा उपाय जगात सगळ्यात सोपा दिसतो, पण आमच्या घरात तो बंद झालेला आहे. मागे ती मैत्रिणींबरोबर काशीदला गेली होती, तेव्हा मी गाडीच्या टायरपासून हॉटेलच्या आग विझवण्याच्या सोयीपर्यंत सगळं विचारलं होतं. त्यावर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही विचारत नाही, तुम्ही सर्व्हे करता." आणि तेव्हापासून घरातून निघताना ती फक्त "येते" एवढंच म्हणते. कुठून, ते सांगत नाही.

शेवटी मी खांबेट्यांना गाठलं. प्रसाद खांबेटे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. लिफ्टच्या वायरपासून परराष्ट्र धोरणापर्यंत सगळ्या विषयांवर त्यांच्याकडे मत तयार असतं. संध्याकाळी ते मीटररूमजवळच्या बाकावर बसतात.

"माझ्या एका मित्राची मुलगी आहे," मी सुरुवात केली.

"कोणता मित्र?"

"तुम्ही नाही ओळखत."

"केळुसकर, तुमचे सगळे मित्र मी ओळखतो. मी एकटाच आहे." ते जवळ सरकले. "काय केलं ऋताने?"

मी शब्द सांगितला. खांबेट्यांनी डोळे मिटले, दोन्ही ओठ आत घेतले आणि म्हणाले, "आफ्रिकन आहे." नंतर कळलं की तेवढं त्यांचं बरोबर होतं. "आता पुडीत येतं की गोळीत, ते बघावं लागेल."

मी खिशातून मोबाईल काढला. "मोबाईलवर शोधून बघू का?"

"चुकूनही नको. असले शब्द टाकले की वर नोंद होते."

"वर म्हणजे कुठे?"

त्यांनी बोट वर केलं. मी वर बघितलं. पाण्याची टाकी होती.

खांबेट्यांचं म्हणणं पडलं की अशा बाबतीत आरोप करून उपयोग नसतो, माणूस जागेवर सापडावा लागतो. रविवारी पाठलाग करायचा. मी म्हटलं, पत्ता ऐकलाय, पाठलाग कशाला? ते म्हणाले, पाठलागाशिवाय प्रकरणाला वजन येत नाही. मला स्वतःला कुठल्याही प्रकरणाला वजन यायला नको होतं. मला फक्त माझी मुलगी सुखरूप हवी होती. पण आख्खा आठवडा माझी झोप उडालेली होती, आणि झोप उडालेला माणूस खांबेट्यांचंसुद्धा ऐकतो.

रविवारी पाचच्या सुमारास ऋता बाहेर पडली. साधा कुडता, केस बांधलेले, खांद्याला एक कापडी पिशवी. पिशवीत काहीतरी टणक होतं, ते दाराला लागून वाजलं. "सोशलला जाते," ती आईला म्हणाली, आणि ही "बरं" म्हणाली, जणू मुलगी दळण आणायला चालली आहे.

खाली खांबेटे उन्हाळी टोपी आणि काळा चष्मा घालून उभे होते. त्यामुळे एरवी ज्यांनी त्यांच्याकडे बघितलं नसतं तेही थांबून बघत होते. आम्ही रिक्षा केली. खांबेट्यांनी रिक्षावाल्याला सांगितलं, "त्या लाल स्कूटीच्या मागे."

रिक्षावाल्याने आरशातून आम्हा दोघांना न्याहाळलं. "पोरगी पळाली का, काका?"

"नाही," मी म्हटलं.

"अजून नाही," खांबेटे म्हणाले.

त्यानंतर त्या भल्या माणसाने आमच्या दुःखात सामील होऊन रिक्षा अशी हाणली की सानपाड्यापर्यंत मी एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने खांबेट्यांना धरून बसलो होतो. मध्येच ऋता पेट्रोलपंपावर वळली आणि आम्ही सरळ पुढे निघून गेलो. ज्याचा पाठलाग करायचा त्याच्या आधी आम्ही वाशीला पोचलो.

इमारत मोठी होती. खाली दुकानं, वर ऑफिसं. दारात वॉचमन. "कोणाकडे?"

"तिसरा मजला. सोशल," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"अ‍ॅपवर रिक्वेस्ट टाका. वरून अप्रूव्ह झालं की सोडतो."

हेच अ‍ॅप खांबेट्यांनी आमच्या सोसायटीत आणलं होतं, आणि त्यावरून माझ्या मेव्हण्याला तासभर गेटबाहेर उभं केलं होतं. आता ते स्वतः चष्मा कपाळावर चढवून त्या अ‍ॅपशी झुंजत होते. येण्याचं कारण लिहायच्या जागी तीनच पर्याय होते: पाहुणे, डिलिव्हरी, मेंटेनन्स. "पाहुणे म्हटलं तर नाव विचारतील," असं म्हणून त्यांनी मेंटेनन्स दाबलं. वरून ताबडतोब होकार आला. इतका ताबडतोब, की मला त्याचीच भीती वाटली.

तिसऱ्या मजल्यावर काचेचं दार होतं. आतून धडधड वाद्यांचा आवाज येत होता. दार उघडून एक मुलगी बाहेर आली, काळी पँट, गळ्यात टॉवेल, चेहऱ्यावर घाम. "देवासारखे आलात," ती म्हणाली. "मी नाझिया. सकाळपासून एसीतून पाणी गळतंय. फ्लोअर ओला झाला तर कोणीतरी पडेल हो माझं."

खांबेटे माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे. आणि सेक्रेटरी असलेला माणूस संकटात किती वेगाने निर्णय घेतो ते मी त्या दिवशी पाहिलं. "टूल्स खाली राहिली," ते म्हणाले आणि जिन्याने गेले. लिफ्टची वाटसुद्धा बघितली नाही.

"आणि तुम्ही?" नाझियाने विचारलं.

मी खरं सांगू शकत होतो. पण खरं सांगायचं म्हणजे "माझी मुलगी इथे कसली नशा करते ते बघायला आलोय" असं वाक्य बोलायचं होतं, आणि ते तोंडातून बाहेर येईना. "मी एसीवाला नाही," एवढंच म्हणालो.

"अरे, मग क्लासला आलात? सॉरी, अंकल. या ना, बिगिनर्स आत्ताच सुरू होतोय." तिने माझ्या दंडाला धरलं आणि मी आत होतो.

आत म्हणजे एक लांबलचक हॉल, खाली लाकडी फरशी, एका भिंतीला आरसे, बाकी भिंतींना पडदे. बाहेर पडायचं दार एकच. आग विझवायचं नळकांडं एका पडद्यामागे, म्हणजे ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच सापडावं असं. पंधरा-वीस माणसं दोन रांगांत उभी होती. पुड्या, गोळ्या, काही नाही. लोक पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे होते. त्या बाटल्यांतही मी रंग शोधला. पाणीच होतं.

"लीड्स इकडे, फॉलोज तिकडे," नाझिया म्हणाली. एकाने न्यायचं, दुसऱ्याने मागे जायचं, एवढं मला कळलं. मी स्वभावाप्रमाणे मागे जाणाऱ्यांत उभा राहिलो. तिने मला हाताला धरून उलट्या रांगेत आणलं.

माझ्या समोर माझ्याच वयाची एक बाई आली. निळा सलवार-कमीज, केस पांढरे, ते रंगवण्याची तसदी न घेतलेले. "मी अरुणा. उलव्याहून येते," तिने हात पुढे केला. परक्या बाईचा हात मी शेवटचा कधी धरला होता ते आठवेना. बहुतेक एका गोदामात, तिला जिन्यावरून उतरवताना.

"ओला आहे," मी माझ्या हाताबद्दल म्हटलं.

"सगळ्यांचाच असतो. घरी सांगून आलात?"

"नाही."

"मीही सांगत नाही. सुनेला वाटतं योगा."

सुरुवात सालसाने झाली. त्यात एक-दोन-तीन म्हणायचं, मग गप्प राहायचं आणि एकदम पाच. माझं मन चारवरच अडकून राहिलं. हिशेबात गायब झालेली वस्तू सोडून पुढे जायची मला सवय नाही. अरुणाबाईंच्या पायावर मी पाय दिला, मग माफी मागितली, आणि माफी मागताना दुसरा पाय दिला. त्या म्हणाल्या, "बोलू नका, नुसतं चाला."

मग नाझियाने टाळी वाजवली. "आता किझोंबाची ओळख करून घेऊ."

मी जागीच थांबलो. ती सांगत होती की हा नाच अंगोलाचा, तिथे घराघरांत चालतो, आजी नातवाबरोबर नाचते. मी ऐकत होतो आणि आठवडाभर छातीवर ठेवलेला दगड खाली उतरत होता. नाच. नुसता नाच. ज्या शब्दाने माझी झोप घेतली तो एक नाच होता. मला हसू आलं. मला नाझियाचे आभार मानावेसे वाटले. आता हळूच दारातून सटकायचं, रिक्षा पकडायची, ऋताला कधी काही कळायचं कारण नाही.

"याला आपण नाच म्हणतो, पण आहे ते चालणंच," नाझिया म्हणाली. "फक्त दोघांनी मिळून. जवळ या. अजून जवळ, अंकल. मध्ये हवा ठेवू नका." तिने दिवे मंद केले.

माझी सुटका तिथेच संपली. अरुणाबाईंनी शांतपणे माझ्या खांद्यावर हात ठेवला, कपाळ माझ्या गालाजवळ आणलं आणि डोळे मिटले. मी डोळे सताड उघडे ठेवून समोर बघत होतो, त्यामुळे दार उघडलेलं मला पहिल्यांदा दिसलं.

ऋता आत आली. तिने पिशवीतून बूट काढले, बसून पट्टे लावले.

त्यानंतर मी जे केलं त्याला नाच म्हणावं की नाही ते मला माहीत नाही. माझा एकच उद्देश होता: अरुणाबाई कायम माझ्या आणि माझ्या मुलीच्या मध्ये असाव्यात. ऋता डावीकडे गेली की मी बाईंना डावीकडे फिरवी, ती उजवीकडे वळली की उजवीकडे. मान खाली, गुडघे वाकलेले, श्वास जवळजवळ बंद.

"आता जमलं बघा," अरुणाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "किती ठाम नेताय."

"चेंज," नाझिया म्हणाली.

चेंज म्हटलं की समोरच्या बाईने पुढच्या माणसाकडे सरकायचं, हे मला तेव्हा कळलं. अरुणाबाई गेल्या. समोर एक कॉलेजची मुलगी आली, ती माझ्या खांद्याइतकीच होती, तिच्यामागे माझं काहीच लपेना. आणि जुन्या मुली नव्या लोकांच्या मदतीला येतात म्हणे, म्हणून ऋताही त्या साखळीत येऊन उभी राहिली. माझ्यापासून तीन माणसं पलीकडे.

सर्व्हेयरला एक गोष्ट नीट कळते, ती म्हणजे आग कुठल्या दिशेने सरकते आहे. "चेंज." दोन माणसं. ती एका जाड्याशा गृहस्थांबरोबर होती. ते तुर्भ्याच्या मसाला बाजारातले असावेत, कारण जवळून गेले तेव्हा जिऱ्याचा वास आला. दाराकडे बघितलं तर तिथे काचेला नाक लावून काळा चष्मा उभा होता. "चेंज." एक माणूस. मी देवाचं नाव घेतलं, पण अशा वेळी नेमकं कुठल्या देवाचं घ्यावं ते सुचेना. "चेंज."

ऋता माझ्यासमोर उभी राहिली.

ती ओरडेल, रडेल किंवा निघून जाईल, तिन्हींची मी तयारी केली होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला, मग हळूहळू परत आला. तिने उजवा हात पुढे केला.

"हाय. मी ऋता."

"मी श्यामसुंदर," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

तिने माझा हात घेतला. ती शाळेत जायला लागली तेव्हा रस्ता ओलांडताना धरायचो, त्यानंतर हा हात मी असा धरला नव्हता. आम्ही चार पावलं चाललो. मी तिच्या पायावर पाय दिला नाही, यापेक्षा जास्त मला काही जमलं नाही.

"घाबरलात?" तिने हळूच विचारलं.

"हो."

"मीही."

गाणं संपायच्या आत ती मला बाहेर लिफ्टजवळ घेऊन आली. मी सुरुवात केली की मला वाटलं पुड्या, मला वाटलं गोळ्या. तिने मध्येच थांबवलं. "बाबा, मला सगळ्याची भीती वाटते. मीटिंगमध्ये बोलायची, रस्ता ओलांडायची, लिफ्टचीसुद्धा. कुठून आलं ते तुम्हाला माहितेय. ही एकच जागा होती जिथे मला भीती वाटत नव्हती. म्हणून सांगितलं नाही. तुम्ही एकदा इथे घाबरलात की मलाही इथे घाबरायला होणार."

आयुष्यात मी कितीतरी जागा जळलेल्या बघितल्या, पण जाळणारा मीच, असं कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि जयमाला बाहेर आली. घरची साडी, पायात बाजाराच्या चपला, मागे खांबेटे. ही भाजीला वाशीच्याच बाजारात आली होती. झालं होतं असं की खांबेट्यांनी काचेतून मला मंद दिव्यात अरुणाबाईंच्या मिठीत बघितलं आणि लगेच फोन केला होता: "वहिनी, प्रकरण वेगळंच आहे. मुलीचं नाही, वडिलांचं आहे."

ही माझ्याकडे आली. "बाईचं मला काही नाही," ती म्हणाली. "तुमच्या जवळ कोणी आपणहून आलं असेल तर तिला नमस्कार करीन. पण पोरीच्या मागे लागलात?"

"आई, तुला तर मी सांगितलं होतं," ऋता म्हणाली. "पण आता खांबेटेकाकांनाही कळलं? म्हणजे आता सोसायटीलाही?"

खांबेट्यांनी टोपी काढली. "मी कोणाला काही बोललो नाही. फक्त कमिटीच्या ग्रुपवर टाकलं, की सेक्रेटरी कामानिमित्त बाहेर आहेत."

ऋताने वाकून बुटांचे पट्टे सोडायला सुरुवात केली. "चला घरी. आज नको." तिचा आवाज घरातल्यासारखा झाला होता, खाली गेलेला. बोटं पट्ट्याशी झटापट करत होती आणि तो निघत नव्हता. ती बोटं मी ओळखतो. ती माझीच आहेत.

आतापर्यंत आयुष्यात मी जे काही केलं ते भीती टाळण्यासाठी केलं. पुढे जे केलं ते का केलं ते मला नीट सांगता येत नाही. मी काचेचं दार ढकललं आणि एकटा आत गेलो. क्लास संपला होता, दिवे लागले होते, सोशल सुरू झाला होता. म्हणजे आता शिकणारे नव्हते, नुसते नाचायला येणारे होते, आणि सगळे गोल करून उभे होते. मधली फरशी रिकामी. माझ्या छातीत असा आवाज होत होता की तो त्या वाद्यांतच मिसळून जावा. मी अरुणाबाईंसमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "नाचणार का?"

त्या आल्या. आम्ही मध्यभागी गेलो. गाणं सालसाचं होतं आणि मी चालत होतो किझोंबा. हे मला नंतर सांगण्यात आलं. आरशात मी स्वतःला बघितलं: पँट वर ओढलेली, चष्म्यावर वाफ, एक पाय नेहमी उशिरा येणारा. सगळं जग बघत होतं. एसीतून थेंब पडत होते आणि ते कुठे पडताहेत ते मला माहीत होतं, तरी मी थांबलो नाही.

दारात ऋता उभी होती. एक पट्टा सुटलेला, एक बांधलेला. ती माझ्याकडे बघत होती, आणि मग ती हसली. तोंडावर हात न ठेवता. मसालेवाले गृहस्थ तिच्याकडे गेले, त्यांनी हात पुढे केला. ती खाली वाकली, पट्टा पुन्हा लावला आणि आत आली.

पुढचं गाणं किझोंबाचं होतं. मी बाजूला खुर्चीवर बसून बघत होतो. त्या जाड्या माणसाबरोबर माझी मुलगी फरशीवरून अशी चालली होती, जणू फरशी तिच्याच मालकीची आहे. डोळे मिटलेले. इतक्या अनोळखी माणसांत, एकच दार असलेल्या खोलीत, ती डोळे मिटून उलटी चालत होती आणि तिच्या कपाळावर एकही आठी नव्हती. मी दाढीसाठी न्हाव्याकडे बसलो तरी डोळे उघडे ठेवतो.

जयमाला माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चपला तिने दारात काढल्या होत्या. "उठा," ती म्हणाली. "त्या बाईंना जे दाखवलंत ते मला दाखवा."

"लोक बघताहेत."

"बघू देत."

मी उठलो. इतक्या वर्षांच्या संसारात चार लोकांसमोर आम्ही एकमेकांना हातसुद्धा लावलेला नाही. हिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मध्ये हवा ठेवायची नसते, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग ठेवू नका." आणि तिने डोळे मिटले. मी थोडा वेळ दाराकडे बघितलं, थोडा वेळ एसीकडे बघितलं. मग मीही मिटले.

अंधारात भीती तशीच होती, जराही कमी झाली नव्हती. फक्त तिच्याबरोबर चालावं लागत होतं, एवढंच. बाजूने जिऱ्याचा वास गेला, आणि कोणीतरी माझ्या कानाशी हलकेच म्हणालं, "बाबा, श्वास घ्या."

मी घेतला.